काचेच्या खोलीतलं मागणं

आमच्याकडे कान तपासायला येणारी निम्मी माणसं माझ्यावर ओरडतात. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मला मात्र येतो. अकरा वर्षं मी या दवाखान्याच्या पुढच्या टेबलावर बसतेय. नावं लिहून घ्यायची, फॉर्म भरायचे, एकेकाला आत सोडायचं. संध्याकाळी घरी गेले की नवऱ्याशी तासभर बोलत नाही, कान आणि घसा दोन्ही दमलेले असतात. एवढं ऐकून निबर झालेली बाई मी, सहजासहजी हबकत नाही. पण गेल्या महिन्यात एका दुपारी जे कानावर पडलं, त्यानं माझी दातखीळच बसली. 

ते पडलं कानवालीच्या खोलीत. कानवाली हे पेशंटांनी ठेवलेलं नाव. तपासणीचं बहुतेक काम तीच करते. चौतिशीची असेल, आवाज मऊ, पण प्रत्येक शब्द सुटा सुटा. बहिऱ्या माणसाशी बोलताना ती ओरडत नाही, समोर बसते आणि ओठ दिसू देते. मला काकू म्हणते. मी तिला येता-जाता टोमणे मारते, तीही परतफेड करते, असं आमचं चांगलं चाललंय.

तिचं माहेर मोठं धार्मिक. दर आठवड्याला सभा, घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, आणि तिचे बाबा तीस वर्षं सभेत पुढे उभे राहून धर्मग्रंथ वाचणारे. सहा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर तिनं सांगितलं, "आई, बाबा, मी आता सभेला येणार नाही. तुमच्यावर राग नाही. माझा विश्वास उरलेला नाही, एवढंच." आई ताटावरून उठली. बाबा म्हणाले, "हे वय असतं असं." दुसऱ्या दिवशी कानवालीनं नेहमीच्या वेळी फोन करून दोघांच्या गोळ्या संपल्यात का ते विचारलं.

तिची हीच पद्धत. वाद घालायचा नाही आणि दूरही जायचं नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारचं जेवण आई-बाबांकडे, हे तिनं एकदाही चुकवलं नाही. जेवणाआधी ते दोघं डोळे मिटत, ही हात मांडीवर ठेवून गप्प बसे. बाबा तिच्या पिशवीत धर्माच्या पुस्तिका सरकवत. ती वाचून पुढच्या आठवड्यात परत नेऊन देई, म्हणे, "छपाई सुबक आहे, बाबा." एकदा तर जेवायला सभेचे प्रमुखच हजर! योगायोगानं, म्हणे. पाच तास त्यांनी हिला समजावलं. हिनं त्यांना दोनदा वाढलं, शेवटी म्हणाली, "तुमचं सगळं ऐकलं. माझं उत्तर तेच आहे. पंखा वाढवू का?"

मी असते तर पहिल्याच आठवड्यात ताट आपटून निघाले असते. तिला तसं म्हटलंही. ती हसली. "काकू, ताट आपटलं की त्यांना वाटेल धर्म सोडल्यामुळे मी उर्मट झाले. त्यांना ते सुख कशाला द्यायचं?"

फक्त एका बाबतीत ती हटून बसायची. खोटं बोलायचं नाही. आई रडून म्हणायची, "नुसतं तोंडानं म्हण गं, देव आहे म्हणून. आमच्या समाधानासाठी." ही म्हणायची, "आई, यात खोटं बोलले तर माझं बाकीचं कुठलं खरं मानशील तू?" मला हे जरा अतीच वाटायचं. म्हातारी माणसं आहेत, म्हणून टाकावं. माझा स्वतःचा देवाशी संबंध कामापुरता. अडचण आली की हाक मारते, निभावलं की विसरते, आणि तोही कधी तक्रार करायला आलेला नाही.

गेल्या वर्षी तिचं बाळ पोटातच गेलं, पाचव्या महिन्यात. बाबा तीन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते, घरी जा म्हटलं तरी जाईनात. मी डबा घेऊन गेले तेव्हा तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला वाटलं, नातवंडाचं दुःख. पण तिथून पुढे त्यांचा आग्रह कमी व्हायचा सोडून दुप्पट झाला. रोज फोन. "आता तरी ये. आता तरी ये, पोरी." माझं डोकंच फिरायचं. पोरगी रिकाम्या हातानं घरी आलीय आणि यांचं हेच चालू! कानवाली म्हणायची, "बाबा कशाला तरी घाबरलेत, काकू. कशाला ते कळत नाही."

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. तिसरा महिना सरत आला होता. हे नवऱ्याला माहीत होतं आणि मला. मला तिनं सांगितलं नव्हतं, चहाचा वास आला की ती खिडकीपाशी पळायला लागली तेव्हाच मी ओळखलं. त्या आठवड्यात जेवायला जाईन तेव्हा आई-बाबांना सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं.

आणि दोनच दिवस आधी बाबा कान तपासायला आले. आईनं ढकलून पाठवलं होतं. दारावरची घंटा ऐकू येईना, सभेत वाचताना आवाज कुठल्या कुठे जायला लागला. मुलीकडून तपासून घ्यायची त्यांची तयारी नव्हती, पण दुसरी तपासनीस रजेवर होती.

तिच्या खोलीत एका बाजूला काचेची बंद खोली आहे. बाहेरचा आवाज आत येत नाही. पेशंट आत बसतो, कानाला हेडफोन, समोर काच, काचेबाहेर कानवालीची खुर्ची आणि यंत्र. ती एकेक शब्द सांगते, पेशंटनं तो पुन्हा म्हणायचा. त्यासाठी आत माईक असतो आणि पेशंटचा आवाज टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर येतो. बाबांचा उजवा कान झाला. "दार," ती म्हणाली. "दार!" बाबा गरजले. डाव्या कानाच्या वेळी यंत्राची वायर सैल झाली म्हणून ती टेबलाखाली वाकली. मी फॉर्मवर तिची सही घ्यायला आले होते, दाराशी, बाबांच्या नजरेआड उभी होते. काचेतून बाबांना दिसली ती रिकामी खुर्ची. त्यांना वाटलं, पोरगी बाहेर गेली.

त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. त्यांच्या हिशेबी ती कुजबुज असणार. आमच्या स्पीकरवर खणखणीत आली.

"देवा, पुन्हा तेच मागतो. तिला असा धक्का दे की ती तुझ्याकडे वळेल. मागच्या वर्षी मी हेच मागितलं आणि तू तिचं बाळ नेलंस. एवढं मागितलं नव्हतं रे मी. पण नेलंस, तर मग ती यायला हवी होती. ती आलीच नाही. मग ते पोर गेलं कशासाठी? मी कुठे तोंड लपवू? या वेळी काय न्यायचं ते तू ठरव. पण तिला आण. तिला आणलंस की ते पोर वाया गेलं नाही, एवढं तरी म्हणता येईल मला."

काय ऐकलं हे कळायला मला दोन श्वास लागले, आणि कळल्यावर वाटलं, काच फोडून त्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावं. बापानं मुलीसाठी हे मागायचं? सख्ख्या बापानं? कानवाली टेबलाखालून हळूहळू वर आली. तोंड पांढरं पडलं होतं. आणि तिचा हात, देवबिव काही न मानणाऱ्या त्या पोरीचा हात, पोटावर होता. दोन्ही हात होते.

काचेतून बाबांनी तिला पाहिलं. मग स्पीकरवरचा हिरवा दिवा पाहिला. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

ती आत गेली, त्यांचे हेडफोन काढून त्यांच्या मांडीवर ठेवले आणि समोर स्टूल ओढून बसली. मी खोलीचं दार लावून घेतलं. निघून जायला हवं होतं, पण गेले नाही. बाबांना असलं बोलणंही हळू करता येत नव्हतं, आणि दोघांचं सगळं स्पीकरवरून बाहेर येत होतं. बाहेर बाकावर बसलेले सगळे बहिरे, हेच काय ते आमचं नशीब.

"बाबा, मी सगळं ऐकलं."

ते म्हणाले, "बरं झालं. मला सांगवत नव्हतं. तुझं बाळ मी घालवलं."

"नाही बाबा. त्याच्या हृदयात दोष होता. रिपोर्ट मी तुम्हाला वाचून दाखवला होता. तो दोष दुसऱ्या महिन्यातच झालेला असतो. तुम्ही कधी मागितलंत?"

"बाळ जायच्या आदल्या आठवड्यात."

"मग? आधीच झालेलं तुमच्या मागण्यानं कसं होईल?"

"त्याला आधी आणि नंतर सारखंच असतं," बाबा म्हणाले. "त्याला माहीत होतं मी मागणार ते."

मला रडू येत होतं की संताप, सांगता येत नाही. पोरगी त्यांना दोषातून सोडवत होती आणि हा माणूस सुटायला तयार नव्हता. आपल्या नातवाचा जीव घेतला हे त्याला चालत होतं. वर कुणी ऐकतच नाही, हे चालत नव्हतं. कानवालीलाही ते कळलं असावं, कारण तिनं रिपोर्टचा विषय पुन्हा काढला नाही.

"मी खूप रागावलेय, बाबा," ती म्हणाली. सहा वर्षांत हे पहिल्यांदा. "तुम्ही माझं वाईट मागितलंत. बाळ त्यानं गेलं नाही, पण तुम्ही मागितलंत. आणि आज पुन्हा मागितलंत. मला दिवस गेलेत. तिसरा महिना आहे."

त्या माणसाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आनंद नव्हता त्यात, कणभरही नव्हता. नुसती भीती. ते खुर्चीवरून उठले, हेडफोनच्या वायरीत अडकले, ती ओढून काढली आणि भिंतीला धरून म्हणाले, "मी तर आत्ताच... काय न्यायचं ते तू ठरव म्हणालो मी. आत्ता म्हणालो."

"मग परत घ्या," कानवाली म्हणाली.

"तू तर मानत नाहीस."

"तुम्ही मानता ना? घ्या परत."

आणि बाबांनी परत घेतलं. उभ्या उभ्या, ओरडून. देवा, मी चुकलो, ते मागणं माझं नव्हे, तिला काही करू नकोस, तिच्या पोराला हात लावू नकोस, ती नाही आली तरी चालेल. ती नाही आली तरी चालेल, हे चार वेळा म्हणाले. तीस वर्षं सभेपुढे उभा राहिलेला तो माणूस शब्द विसरला होता. कानवालीनं त्यांचा हात धरून ठेवला होता.

मग ते थांबले आणि तिच्याकडे बघून, अगदी बारीक आवाजात विचारलं, "ऐकलं असेल ना गं त्यानं?"

मी दाराला टेकून उभी होते. मनात म्हटलं, बाई, आता तुझं ते खरं-खोटं चुलीत घाल. पण मला तिचा हट्ट माहीत होता. आईच्या रडण्यानं जे निघालं नाही, ते आता काय निघणार?

"ऐकलं बाबा," ती म्हणाली. "ऐकलं त्यानं."

ते खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. मग तिनं त्यांचा डावा कान तपासला. तो उजव्यापेक्षा वाईट निघाला.

त्यांना रिक्षात बसवून ती परत आली तेव्हा मी पाण्याचा ग्लास पुढे केला. राहवलं नाही. म्हटलं, "खोटं बोललीस तू. पहिल्यांदा."

तिनं पाणी संपवलं. "खोटं नव्हतं, काकू. त्या घडीला मला फार वाटलं, कुणीतरी ऐकलेलं असू दे."

"आणि आता?"

"आता नाही वाटत," ती म्हणाली. हात धुतले, खुर्चीत बसली, आणि पुढच्या पेशंटला पाठवायला सांगितलं.