अर्धा किलो आपली माती

शाश्वत शेती शिकवणाऱ्या मॅडमनी कॉलेजात पहिलंच प्रात्यक्षिक दिलं: प्रत्येकाने स्वतःच्या शेतातली अर्धा किलो माती आणायची. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे आणि सगळी माती एकत्र करून त्यातली थोडी पिशवीत भरायची. बाकीच्यांना ते सोपं होतं. आमच्या चाकण रोडच्या शेतावर मी शाळेत असतानाच गोदाम उभं राहिलं. त्याच्या भाड्यावर घर मजेत चालतं, तक्रारीला जागा नाही. पण शेती शिकायची खुमखुमी मला त्या गेलेल्या शेतामुळेच आली, हे वडलांना कधी सांगितलं नाही.

गोदामामागे चार ट्रक मावतील एवढी जागा मोकळी होती. ड्रायव्हर लोकांची करमणूक करत मी तिथं नागमोडी चालले, खड्डे खणले, माती घरी आणून सावलीत वाळत घातली. वडलांनी ती चिमूटभर बोटांत चोळली.

"ही आपली न्हाई. भराव हाय हा. आपली काळी माती ठेकेदारानं तवाच उचलून नेली."

"कुठं, आबा?"

"ताथवड्याला. एका सोसायटीच्या बागंला."

रविवारी गाडीवर आम्ही दोघं तिथं गेलो. बाग गेटबाहेरच होती. वडील वाफ्यापाशी उकिडवे बसले, ढेकूळ फोडलं, हुंगलं आणि हसले. तसं हसताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, म्हणून मी पिशवीचं तोंड सोडत बसले.

तेवढ्यात वॉचमन आला. "काका, माती नेऊ नका. सोसायटीची हाय. माझी नोकरी जाईल."

वडील एरवी कुणाचं ऐकून घेणारे नाहीत. मला वाटलं, आता भांडण होणार. त्यांनी मूठ वाफ्यात मोकळी केली आणि माती हाताने सारखी केली. "बरोबर हाय तुमचं," म्हणाले.

शेवटी मी मैत्रिणीच्या शेतातली माती कॉलेजात जमा केली. पिशवीसोबतच्या चिठ्ठीवर शेतकरी म्हणून तिच्या वडलांचं नाव लिहिलं. मार्क पूर्ण मिळाले.

आता मी लोकांच्या मातीचे अहवाल वाचते आणि कशाची कमतरता आहे, काय पेरावं, ते त्यांना सांगते. परवा जेवताना वडलांनी सहज विचारलं, "आपल्या मातीत काय कमी व्हतं गं?"