आर्लिस नदीपलीकडे राहायला गेली

नॉर्थ डकोटातल्या फार्गोच्या आमच्या वृद्धाश्रमात आर्लिस ट्वेट मुख्य स्वयंपाकीण होती आणि मी तिच्या हाताखाली. साठीला टेकलेली बाई, नवरा कधीच गेलेला. दर रविवारी चर्चमधून निघाली की नदीवरचा पूल ओलांडून ती पलीकडे मिनेसोटातल्या मूरहेडला जायची, व्हर्लिन ऑडेगार्डकडे. व्हर्लिनने आयुष्यभर साखर कारखान्यासाठी बीटचे ट्रक चालवले. दोघांचं जमलंय हे गावाला माहीत होतं. तो लग्नाचं विचारायचा, ती "बघू" म्हणायची.

एकदा बटाटे सोलताना मी विषय काढलाच. "अगं, बघू बघू म्हणत म्हातारी होशील."

"झालेच आहे," ती म्हणाली. "त्याला आईबापांचं घर सोडवत नाही. आणि मी तिकडे गेले तर राहणार मिनेसोटात, कमावणार नॉर्थ डकोटात. पगारातून दोन्ही राज्यं कर कापणार. लव्हॉनचं काय झालं ते विसरलीस?"

विसरले नव्हते. लव्हॉन आमच्याच स्वयंपाकघरात होती. ती पलीकडे राहायला गेली, तर इथला कर कापला जातच राहिला आणि मिनेसोटानेही आपला मागितला. तिचं ते रडणं सगळ्यांनी ऐकलं होतं. पुढे ती नोकरी सोडून गेली.

त्या हिवाळ्यात दारातला बर्फ उपसताना व्हर्लिन घसरला आणि त्याचा घोटा मोडला. आर्लिस काम संपवून रोज पलीकडे जायची, त्याचं जेवणखाण, औषधं बघून परत यायची. बर्फाच्या वादळात पूल बंद झाला की इकडे खिडकीशी नुसती उभी राहायची. एक दिवस तिच्या हातून सूप करपलं. असं कधी झालं नव्हतं. तिने एप्रन सोडला आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर. एकटीने विचारायला मला भीती वाटते."

आमचे पगार बघायचा ड्वेन शॅट्झ. तिचं सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "कर एकाच राज्याचा, आर्लिस. जिथे राहशील तिथला. या दोन राज्यांचा तसा करारच आहे. 'मी पलीकडे राहते' असा फॉर्म मला भरून दे, म्हणजे इथला कर कापणं मी थांबवतो. मिनेसोटाचा कापायला घेतो, नाहीतर वर्षअखेर तुला एकदम भरावा लागेल. फॉर्म मात्र दर वर्षी नवा, फेब्रुवारी संपायच्या आत."

"मग लव्हॉन?"

"तिने फॉर्म दिलाच नव्हता. नंतर तिने इथल्या कर खात्याकडे अर्ज केला आणि कापलेले पैसे परत मिळाले तिला. सांगितलं नाही का तुम्हाला?"

नव्हतं सांगितलं तिने. आर्लिस खुर्चीत बसली. मला वाटलं रडेल, पण तिने फक्त एक लांब श्वास सोडला. खांदे खाली आले तिचे.

"अजून एक अट आहे," ड्वेन म्हणाला. "महिन्यातून एकदा तरी पलीकडच्या घरी जावं लागेल."

"भांडण झालं तरी?"

"झालं तरी."

संध्याकाळी तिने व्हर्लिनला सांगितलं. तो प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसला होता. "म्हणजे इतकी वर्षं तू मला करापायी नाही म्हणत होतीस?" त्याने विचारलं.

"बघू म्हणत होते. नाही कधी म्हटलं?"

वसंतात, तो काठी टेकत चालू लागल्यावर, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये त्यांचं लग्न झालं. जेवण आम्ही केलं, तिला हात लावू दिला नाही. तिकडे गेल्यावरचा पहिला पगार झाला तेव्हा तिने पगाराची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. इथल्या कराच्या रकान्यात शून्य होतं. मिनेसोटाचा आकडा मात्र पूर्वीच्या कपातीपेक्षा मोठा होता.

"महागडं राज्य आहे बाई," ती कुरकुरली, चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि मला कांदे चिरायला सांगितले. त्या दिवशी काम आटोपल्यावर ती नेहमीसारखी रेंगाळली नाही. व्हर्लिन गाडी घेऊन दारात थांबला होता.