नखाएवढी पाटी

आमच्या ह्यांनी या वयात खेळण्यातल्या रेल्वेसाठी टेबलावर अख्खं गाव वसवलंय. काल ते माझ्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, शिंपीकामाच्या दुकानाची नखाएवढी पाटी करत होते. रंगवून झाली तेव्हा ती खोटीच वाटली, इतकी कोरी करकरीत होती. मग त्यांनी ती चहाच्या पाण्यानं पुसली, पॉलिश पेपर हातात घेतला आणि विचारलं, "अगं, दुकानाच्या पाटीवर ऊन कुठून यायचं?"

"उजवीकडून. दुपारनंतर," मी म्हणाले. इतकी वर्षं हे ऊन माझ्याजवळ कुठे होतं, कोण जाणे. ते उजवीकडची अक्षरं उन्हानं विटल्यासारखी हळूहळू घासत गेले आणि पाटी ओळखीची होत गेली. माणसांचंही असंच असावं. थोडं ऊन लागल्याशिवाय चेहरा आपला वाटत नाही.

संध्याकाळी पाटी लावून दुकान स्टेशनासमोर ठेवलं. आत गव्हाच्या दाण्याएवढा दिवा लागला, गाडी सुरू झाली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "दिवा मालवू का आता?"

"शेवटची गाडी गेल्याशिवाय दादा दिवा मालवत नसत."

त्यांनी हात मागे घेतला. रूळ गोल होते. गाडी जात होती, पुन्हा येत होती.