माझा काऊबॉय नलूने पळवला

मैत्रिणींनो, दुपारपासून धुसफुसतेय, म्हणून लिहितेय.

आमच्या पुंडलिकनगरच्या महिला मंडळात दर आठवड्याला एकजण कुणाचं तरी चरित्र सांगते. जुन्या काऊबॉय सिनेमातल्या माझ्या लाडक्या नटाचं मी सुचवलं होतं, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या, "बंदूकवाला माणूस कशाला, ताई? एखादा संत घ्या ना." नटाचं नाव इथे लिहिणार नाही. आणखी वाटेकरी नकोत.

आज शेजारच्या नलूने त्याचंच चरित्र सांगितलं. कॉन्व्हेंटच्या बाकावर बसायचे तेव्हापासून तो माझा आहे. नलूला तो मीच दाखवला, माझ्या टीव्हीवर, वर चहा पाजून.

आणि सांगितलं कसं? "लई गरिबीतून वर आलं बघा ते पोरगं. आधी स्टुडिओतल्या घोड्यांची लीद काढायचं, मग हिरोच्या जागी घोड्यावरून पडायचं, अन् मग स्वतःच हिरो झालं." जणू लासूर स्टेशन गावातला तिचा भाचाच. बायकांच्या डोळ्यांत पाणी. अध्यक्षबाईंच्यासुद्धा.

मग कुणीतरी विचारलं, "अन् त्याच्या घोड्याचं काय झालं?"

नलू अडली. माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्हाला ठाऊक असंल."

ठाऊक आहे. त्याने सिनेमे सोडले, पण घोडा विकला नाही. म्हातारपणी रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्याला चारा घालायचा.

"आठवत नाही," मी म्हटलं. सगळ्या हळहळल्या.

नलू या ग्रुपवर नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही तिथे असता, तर बोलला असता का?