मुलींनी लाज राखली ते वर्ष

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. बहिणीजवळ नाही, विहारात शेजारी बसणाऱ्या बायांजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळलेलं नाही. बहुतेक यासाठी, की तुम्ही मला थांबवणार नाही.

ऑलिम्पिक रिओला झालं ते वर्ष आठवतं का? दोन हजार सोळा. लोकांना त्या वर्षाची नोटबंदी आठवते. मला ते वर्ष निकालांवरून आठवतं. कोण जिंकलं, कोण हरलं, आणि तेव्हा आमच्या घरात कोण कुठं बसलं होतं.

आमचं घर सेलूला. दोनच खोल्या. समोरच्या खोलीत एका भिंतीला टीव्ही, खिडकीखाली माझी शिलाई मशीन. माझ्या पोरीचे, प्रणालीचे बाबा एस.टी.त कंडक्टर. सुटी असली की बापलेक टीव्हीपुढं. क्रिकेट, कबड्डी, बॅडमिंटन, काहीही चालायचं. परदेशातल्या कुठल्याशा टेनिसच्या सामन्यातसुद्धा दोघांनी एकेक खेळाडू वाटून घेतलेला असायचा.

त्या वर्षाची सुरुवातच हरण्यानं झाली. मार्चमध्ये जामठ्याला, म्हणजे नागपूरला जाताना बुटीबोरीच्या पुढं लागतं त्या मैदानावर, वीस षटकांच्या विश्वचषकात आपली टीम न्यूझीलंडपुढं ऐंशीच्या आत गारद झाली. महिन्याच्या शेवटी मुंबईला उपांत्य सामना. वेस्ट इंडीजचा एकच गडी दोनदा झेल देऊन बसला आणि दोन्ही वेळा नो-बॉल! प्रणालीनं रागानं उशी फेकली. ह्यांनी ती उचलून परत तिच्याच हातात दिली. "घे, अजून एक डाव फेक." आणि दोघं हसतच सुटले. सामना हातातून गेला तरी हसत होते.

मी मशीनवर होते. लग्नसराई तोंडावर आलेली, ब्लाउजांचा ढीग पडलेला.

"मशीन बंद कर ना व जराशी," हे म्हणाले, "आयकू नाई येऊन राह्यलं."

मी बंद केली. ये, बस — असं काही कोणी म्हटलं नाही. आता सांगताना किती फालतू वाटतं, नाही का? पण जळणाऱ्या माणसाला मोठं कारण लागतच नाही. हरल्यावरही असं हसता येणारी दोन माणसं माझ्याच घरात होती, आणि त्यांच्यात मी नव्हते.

आता दुसरी गोष्ट. ती सांगायला जास्त जड आहे.

प्रणाली पळायची. आठशे मीटर. त्या जूनमध्ये ती आठवीत गेली. ढोले सर तिला मैदानावर पळवायचे. सर निवृत्त होऊन सेलूला राहायला आले होते आणि सकाळी पोरांना फुकट शिकवत होते. हेच ढोले सर आंजीच्या शाळेत माझे पीटीचे मास्तर होते. मीसुद्धा आठशेच पळायची. अनवाणी. जिल्ह्यात पहिली आले होते. तेव्हा सर मला म्हणाले होते, "चांगली पळतेस." एवढंच. त्या दोन शब्दांवर मी किती वर्षं काढली, काय सांगू?

आणि त्या पावसाळ्यात, मी डबा द्यायला मैदानावर गेले असताना, प्रणालीकडं बघत सर म्हणाले, "एवढ्या वर्षांत अशी पोट्टी मी पाह्यली नाई."

एवढ्या वर्षांत. म्हणजे त्यात मीही आलेच की.

त्यांना आठवत होतं का, की मीही त्यांचीच पोरगी? आठवत असणारच. त्यांनी मुद्दाम मला दुखवलं नाही, ते खरं तेच बोलले. म्हणूनच ते लागलं.

बाईनं खेळणं सोडलं की लोकांना वाटतं, कोणीतरी सोडायला लावलं असेल. मलाही कोणी विचारलं तर मी सांगायची — "बापानं पुढं जाऊच दिलं नाही." ह्यांना तसंच सांगितलं होतं. प्रणाली लहान होती तेव्हापासून तिलाही तसंच सांगत आले होते. खरं तर माझ्या बापानं उसनवारी करून मला नवीन बूट घेऊन दिले, स्वतः नागपूरला पुढच्या शर्यतीला नेलं, मैदानाच्या कडेला उन्हात उभा राहून ओरडला. आणि मी पाचवी आले. पुढच्या वर्षी पुन्हा नेलं. तेव्हा तर नंबरातही नव्हते. मला कोणी थांबवलं नाही. मीच तेवढी होते.

आणि ही पोरगी तेवढी नव्हती. ही पुष्कळ जास्त होती. तिचं पाऊल जमिनीला लागायचं ते दिसायचंही नाही. शेवटच्या फेरीत बाकीच्या पोरींची तोंडं वाकडी व्हायची आणि हिचं तोंड शांत. मी मैदानाच्या कडेला उभी असायची — आई म्हणून अभिमान वाटायला हवा होता ना? वाटायचाही. पण त्याच्याखाली दुसरंच काही असायचं. ती अडखळावी असं मला वाटायचं. एकदा खरंच अडखळली, गुडघा फुटला. मी धावत गेले, पदरानं रक्त पुसलं, आणि आत कुठंतरी मला बरं वाटलं. हे मी पहिल्यांदाच शब्दांत मांडते आहे.

मग ऑगस्ट आला. पंधरा ऑगस्टच्या सकाळी, झेंडावंदनाला जायच्या आधी, जमैकाचा तो उंच गडी तिसऱ्या ऑलिम्पिकमध्येही शंभर मीटर जिंकला. प्रणाली शाळेच्या गणवेशात, एका पायात मोजा, दुसरा हातात, तशीच टीव्हीपुढं उभी. आणि त्याच दिवशी संध्याकाळी आपल्या महाराष्ट्राची एक मुलगी अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत पळाली. पदक नाही मिळालं. पण प्रणाली तिला बघताना श्वास घ्यायची विसरली होती. शर्यत संपल्यावर ती बापाला म्हणाली, "बाबा, ती आपल्यासारखीच दिसते." ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी पोळ्या लाटत होते.

त्याच आठवड्यात कुस्तीचं कांस्य आलं, मग बॅडमिंटनचं रौप्य. बॅडमिंटनच्या अंतिम सामन्याला आमच्या खोलीत अर्धी गल्ली जमली होती. त्या वेळचं ऑलिम्पिक तुम्हाला आठवत असेल. दोनच पदकं, दोन्ही मुलींची. जो तो म्हणत होता, मुलींनी लाज राखली. दूधवाला म्हणाला, किराणावाला म्हणाला. ऐकून ऐकून मला वीट आला होता. कोणत्या मुलींनी? सगळ्याच मुलींनी राखली का?

पुढच्या आठवड्यात ढोले सर घरी आले. हे ड्युटीवर होते, प्रणाली शिकवणीला. सर म्हणाले, पुण्याकडं एक निवासी क्रीडाशाळा आहे, राहणं-खाणं-शिकणं सगळं तिथंच. त्यांनी तिचं पळणं तिथल्या माणसांना दाखवलं होतं आणि ते घ्यायला तयार होते. आईबाप हो म्हणाले की झालं. "तू तर समजून आहेस," सर मला म्हणाले, "तू सोता पळालेली आहेस."

हे रात्री उशिरा घरी आले, प्रणाली आत झोपली होती, तेव्हा मी सांगितलं. जेवता जेवता त्यांचा हात थांबला. मला वाटलं, नाही म्हणतील. खरं सांगू? म्हणावेत असं वाटलं.

"जाऊ दे तिले," ते म्हणाले. "मी सुटी टाकतो. सोता सोडून येतो पुण्याले." आणि डोळे पुसले. मग म्हणाले, "तुह्या बापानं केलं तसं मी नाई करत."

तिथंच मी सांगायला हवं होतं, की माझ्या बापानं तसं काही केलंच नव्हतं. मी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ते ड्युटीवर गेले. समुद्रपूरकडची गाडी होती, मुक्कामाची. प्रणाली उठून चहा घ्यायला चुलीशी आली. तिला मैदानावर सरांकडून आधीच कळलं होतं. तिनं कप उचलला आणि माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणाले, "बाबा नाई म्हणतात."

तीन शब्द. तयारी केलेली नव्हती. पण ते तोंडातून इतके सरळ आले, की तयारी नव्हती असं तरी कसं म्हणू?

ती म्हणाली, "बाबा? आपले बाबा?"

"बाप असेच असतात, प्रणाली. माह्यावेळी काय झालं, मी सांगितलं नाई का तुले? विषय काढू नको त्यायच्यापुढं. माह्यावर चिडतील."

तिनं कप तसाच खाली ठेवला. माझ्यावर विश्वास ठेवला तिनं. ठेवणारच. इतकी वर्षं मी तिला तीच गोष्ट सांगत आले होते.

हे परतले तेव्हा त्यांना सांगितलं, "ती नाई म्हणते. घर सोडून राहायचं भेव वाटते तिले. विचारू नका, लगेच रडते." त्यांचा चेहरा उतरला. "जबरदस्ती नाई करायची," एवढंच बोलले. स्वभावच असा, की कोणाच्या रडण्याला खणून बघणार नाहीत. सरांनाही मी तेच सांगितलं. सर उठून गेले. प्रणालीनं मैदानावर जाणंच सोडलं. वर्षभरात सर मुलाकडं नागपूरला राहायला गेले. पुढं तिथंच वारले. तोवर मी एकदाही भेटायला गेले नाही.

ऑक्टोबरमध्ये कबड्डीचा विश्वचषक होता. अंतिम सामना आपला आणि इराणचा. ह्यांनी आतल्या खोलीकडं बघून हाक मारली, "पनू, ये ना बाप्पा, सुरू झाली." पुन्हा हाक मारली. "अभ्यास आहे," ती म्हणाली. हे मधल्या दाराकडं बघत राहिले. आधी इराण पुढं होतं. मी मशीन बंद केली, उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. तिच्या जागेवर. त्यांनी सरकून मला जागा दिली. एका चढाईला मी टाळी वाजवली, तेव्हा माझ्याकडं बघून थोडे हसलेही. आपण जिंकलो.

आणि मला आवडलं. हेच तर सांगायचं होतं तुम्हाला. खोटं बोलले ते सांगायला त्यामानानं सोपं आहे. पण आतल्या खोलीत माझी पोरगी उशीत तोंड खुपसून पडलेली आहे हे मला माहीत होतं, आणि बाहेर मी तिच्या जागेवर बसून सामना बघत होते. मला पश्चात्ताप होत नव्हता. बरं वाटत होतं.

डिसेंबरात ज्युनियर हॉकीचा विश्वचषक आपण जिंकला. चेन्नईला एका नव्या पोरानं त्रिशतक ठोकलं. ह्यांनी दोन्ही वेळा हाक मारली. मग हाक मारणं सोडलं.

प्रणाली शिकली. फार्मसी केली, अमरावतीला नोकरी लागली. बापाशी ती कधी उलटून बोलली नाही. जेवायला वाढायची, औषधं आणून द्यायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. चिडली असती, भांडली असती, तर एखाद्या दिवशी खरं बाहेर आलं असतं. ती भांडली नाही. हेही कधी कधी पाहुण्यांपुढं हसत म्हणायचे, "आमची पोट्टी घरकोंबडी. पुण्याले जायचं म्हटलं तं घाबरली होती." ती ते ऐकायची आणि उठून आत जायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता ती मागं वळून विचारेल. आणि प्रत्येक वेळी मीच काहीतरी बोलून विषय बदलायची. चहा टाकू का, पाऊस येतो वाटते, असंच काहीतरी.

मागच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. निघताना ती माझ्या गळ्यात पडून हमसून रडली. ह्यांच्या पाया पडली. ह्यांनी दोन्ही हात पुढं केले होते, पण ती तोवर वळली होती. मांडव रिकामा झाल्यावर हे एका खुर्चीवर बसून राहिले. मी पाणी नेऊन दिलं.

"काऊन व," ते म्हणाले, "पोट्टी माह्यावर नाराज आहे का? माह्यं काई चुकलं का?"

सांगायला याहून चांगली वेळ कोणती होती?

"नाई हो," मी म्हणाले. "तुमाले उगीच वाटते."

गेल्या नोव्हेंबरात मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी आपण होऊन प्रणालीला फोन लावला. डेपोचा शर्ट घालून तयार होते. "पनू, पाह्यली का मॅच?"

"हो, पाह्यली. आई आहे का बाबा?"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"आई! पाह्यलं ना तू? मी तं रडलीच." ती किती बोलत होती! तो शेवटचा झेल, त्या पोरींची मिठी, त्यांच्या आयांचे चेहरे. बोलता बोलता एकदम थांबली. मग हळूच म्हणाली, "तुले आजोबानं पळू दिलं नाई, मले बाबानं. आपल्या दोघींचं राहूनच गेलं ना व आई."

हे दारात वाकून बूट घालत होते. पोरगी इतकं काय बोलते आहे, म्हणून वर बघून माझ्याकडं हसले.

मी फोनवर म्हणाले, "हो."