नवजात वॉर्डातल्या तारखा

हॉस्पिटलात तिला सगळे ‘रीस्टार्ट काकू’ म्हणायचे. कुणाचाही कॉम्प्युटर अडला की तिचा पहिला सल्ला ठरलेला: “बंद करा, दहापर्यंत मोजा आणि परत चालू करा.” बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं. नाहीच भागलं तर ती टेबलाखाली शिरायची आणि वायरींच्या गुंत्यातून बोलायची. साध्या पदवीच्या आणि एका जुन्या कॉम्प्युटर डिप्लोमाच्या जोरावर तिने अशी एकोणीस वर्षं काढली होती.

मग नवा नियम आला. संगणक विभागाचा प्रमुख पदव्युत्तर शिकलेलाच हवा. मोठ्या डॉक्टरांनी बोलावून सांगितलं, “काकू, तुमच्या कामाबद्दल शंकाच नाही. पण कागद लागतो.”

“कागदाने प्रिंटर चालतो, डॉक्टर. हॉस्पिटल नाही.”

एवढं बोलून ती घरी आली आणि सगळा राग भांड्यांवर काढला. नवरा बस चालवायचा. आरडाओरडा ऐकत शांत राहण्यात त्याचा हातखंडा होता. “अगं, आदळआपटीने कप फुटतील, नियम नाही फुटणार. घाल की नाव कॉलेजात!”

चव्वेचाळिसाव्या वर्षी, हट्टाला पेटून, तिने माहिती तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. शनिवार-रविवार वर्ग. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग मुलीच्या दहावीचा, अर्धा आईचा. संख्याशास्त्राने तिला अक्षरशः रडवलं. प्रकल्पाचा अहवाल मार्गदर्शक बाईंनी तीनदा परत पाठवला, आणि प्रत्येक पानाच्या समासात लाल शाईने एकच प्रश्न: “हे कशावरून?” नवरा म्हणायचा, “बाईंनी शिक्काच करून घेतलेला दिसतोय.”

ती पास झाली. गुण बेताचेच. विभागप्रमुखाची खुर्ची मिळाली, पण पहिल्याच आठवड्यात पुन्हा टेबलाखाली! दोन वर्षं जिवाचं रान केलं ते कशासाठी, हा प्रश्न ती कुणाला बोलून दाखवत नव्हती, इतकंच.

नोव्हेंबरच्या शेवटी रुग्णांच्या सगळ्या नोंदी नव्या प्रणालीत हलवायचं ठरलं. बैठकीत ती प्रणाली बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने पडद्यावर दाखवलं: दोनशे नोंदी तपासल्या, दोनशेच्या दोनशे जुळल्या. सोमवारी नवी प्रणाली सुरू, जुनी बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या.

“या दोनशे कशा निवडल्या?” काकूने विचारलं.

“निवडल्या अशा नाहीत. सुरुवातीच्या दोनशे घेतल्या.”

“म्हणजे सगळ्या जुन्याच नोंदी. नव्या कुणी बघितल्यात? मला तीन दिवस द्या. प्रत्येक वॉर्डातल्या, जुन्या-नव्या, थोड्या थोड्या काढून तपासते.”

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. “काही चुकलंय याची खात्री आहे तुम्हाला?”

“नाही. म्हणूनच तपासायचंय.”

दोन वर्षांपूर्वी ती फक्त “मला काही हे बरं वाटत नाही” असं पुटपुटली असती आणि बैठक चहावर संपली असती. आज तीन दिवस मिळाले.

पहिल्या दिवशी सगळं जुळलं. दुसऱ्या दिवशीही. इंजिनिअर बिचारा सभ्य, तिला चहा आणून द्यायचा. पण तो सभ्यपणाच तिला टोचायला लागला. उगाच शहाणपणा केला की काय? डबा न उघडताच ती वॉर्ड पालथे घालत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती नवजात वॉर्डात पोचली. सिस्टर फाइलमधून वाचायची, काकू पडद्यावर पाहायची.

“जन्म, तीन नोव्हेंबर.”

“अकरा मार्च,” काकू म्हणाली.

सिस्टर हसली. “चष्मा बदला! बाळ इथे समोर झोपलंय, तीन आठवड्यांचं.”

“पुढचं वाच.”

“एकोणीस नोव्हेंबर.”

“बरोबर. पुढचं?”

“पाच नोव्हेंबर.”

पडद्यावर होतं, अकरा मे.

आता दोघीही हसत नव्हत्या. बाकी वॉर्डांत महिना अक्षरात लिहीत. इथे वर्षभरापासून आकड्यात लिहायला लागले होते, ३/११ असं, आणि नवी प्रणाली पहिला आकडा महिन्याचा धरत होती. त्यामुळे बारा तारखेपर्यंतच्या प्रत्येक जन्माचा दिवस आणि महिना नव्या प्रणालीने उलटा केला होता. आणि तीच प्रणाली वयावरून औषधाची मात्रा सुचवणार होती. तीन आठवड्यांचं बाळ तिच्या लेखी आठ महिन्यांचं होतं.

इंजिनिअर धावत आला. पडदा पाहून त्याचा चेहरा उतरला. “चूक आमची आहे, मॅडम. आत्ताच्या आत्ता दुरुस्त करतो.” आणि खरंच, तिथेच स्टुलावर बसून त्याने ती दुरुस्त केली. मग तिघांनी मिळून त्या वॉर्डातली प्रत्येक नोंद पुन्हा वाचली. एकूण एक जुळल्यावर काकूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खोल श्वास सोडला.

मोठे डॉक्टर वर आले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “सोमवारी एखाद्या बाळाला...” पडदा स्वतःकडे वळवून त्यांनी एक-दोन तारखा पाहिल्या. मग म्हणाले, “काकू, आधी काहीतरी खाऊन घ्या.”

त्या संध्याकाळी ती नवऱ्याच्याच बसमधून घरी निघाली. सगळं सांगताना मध्येच रडू आलं, मध्येच हसू. “ती दोन वर्षं फुकट गेली नाहीत हो,” ती म्हणाली. तो सिग्नलला थांबला होता, आरशातून बघत म्हणाला, “मी कुठे तसं म्हटलं होतं? तूच म्हणत होतीस, मनातल्या मनात.”

सोमवारी नवी प्रणाली सुरू झाली आणि विशेष काहीच घडलं नाही. दुपारी सिस्टरचा फोन आला, “वर येताय का? आपलं तीन नोव्हेंबरचं बाळ घरी चाललंय.” काकू जिने चढून गेली. बाळाच्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती दुपट्याची घडी घालत होती. “दोन मिनिटं धरता का याला?” तिने विचारलं. काकूने बाळ घेतलं. ते गरम होतं, जड होतं आणि डोळे मिटून गाढ झोपलं होतं.