विचारल्याशिवाय गाडी सुटत नाही

आमच्या कोमानी शहराच्या मिनीबस टॅक्सी स्टँडवर गाडी माझी असली, तरी ती कधी सोडायची ते मादलोमो ठरवते. रांग तिची, शिट्टी तिची, आणि आवाज तर असा, की तिनं तोंड उघडलं की पलीकडच्या चर्चमधले पाद्रीबाबा प्रवचन थांबवून पाणी पिऊन घेतात. कुणी रांगेत घुसलं तर ती त्याला हाकलते, पण आधी विचारते, "काय रे बाबा, कसली घाई? बोल." बहुतेकांना ऐकून घेऊन मागेच पाठवते. पण विचारते.

म्हणून तिच्या पोराच्या, लुखान्योच्या खटल्यात तिचं डोकं फिरलं ते शिक्षेवरून नव्हे. पोरानं चाकू दाखवून ताता झोत्वानांचं दुकान लुटलं होतं. गुन्हा कबूल कर म्हणून मादलोमोनंच त्याचा कान पिळला होता. बारा वर्षांची शिक्षा झाली. अशा शिक्षेत अर्धी, म्हणजे सहा वर्षं भरली की पॅरोल मंडळ मुदतीआधी सोडायचं का याचा विचार करतं. पण न्यायाधीश साहेब उठता उठता म्हणाले, "आठ वर्षं पॅरोलचं नावही काढायचं नाही." म्हणाले आणि गेले चहाला. पोराला, त्याच्या वकिलाला, सरकारी वकिलाला, कुणाला एका शब्दानं विचारलं नाही.

"अरे, विचारून नाही म्हणाले असते तर मी गप्प बसले असते!" मादलोमो स्टँडभर ओरडली.

"तू आणि गप्प?" मी म्हणालो.

"ए बोनिसिले, आज तुझी गाडी सगळ्यात शेवटी."

वरवर ती अशी. पण साखर वाढलेली, पाय सुजलेले. सहा आणि आठमधली ती दोन वर्षं तिला हवी होती. "पोरगं स्टँडवर उतरेल तेव्हा शिट्टी मारायला माझ्यात दम उरला पाहिजे," असं ती हळूच म्हणायची.

अपील मखांडाच्या वरच्या कोर्टात लागलं आणि अख्खा स्टँड माझ्या गाडीत बसला. मैद्याच्या तळलेल्या गरम ग्विन्यांचं पातेलं मांडीवर, गाणी चालू, आणि मादलोमो माझ्या शेजारी बसून समोरून येणाऱ्या ट्रकांनाही शिट्टी मारत होती. लग्नाला निघाल्यासारखे आम्ही निघालो होतो.

कोर्टात समोर तीन न्यायाधीश. आमच्या वकीलबाई लुडीडी उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या अशिलाला विचारलंच गेलं नाही."

एवढंच. आणि मादलोमोनं जीभ हलवून असा काही लीलीलीली सूर काढला, की दारात नवरी आलीय असं वाटावं! अजून वरात निघालीही नव्हती.

मधल्या न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "त्या बाईंना बाहेर..." म्हणाल्या आणि थांबल्या. शेजारचे न्यायाधीश उगाच खोकले. बाईंचे कान लाल झाले. "बाहेर काढण्याआधी, बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"चूक झाली. आनंद आवरला नाही. पण पुन्हा होईल."

"पुन्हा होईल?"

"होणारच. म्हणून मीच जाते."

आणि ती निघाली, चेहरा नुसता फुललेला. जाताना प्रत्येक बाकाला सांगत गेली, "मला विचारलं! ऐकलंत ना? विचारलं!"

मग ती बाहेरून दाराच्या काचेला नाक लावून उभी राहिली. दुपारी निकाल आला. बारा वर्षं कायम. पण आठ वर्षांची अट दोन्ही बाजूंचं न ऐकता घातली आणि तसं खास कारणही दिसत नाही, म्हणून रद्द. मी काचेकडे वळलो आणि बोट जमिनीकडे केलं. आमच्या स्टँडच्या खुणेत याचा अर्थ, जवळचा फेरा, म्हणजे पोरगं लवकर परत. दाराबाहेर जो लीलीली उठला, त्यानं काच थरथरली. न्यायाधीशबाई कागदांत बघत म्हणाल्या, "सांगून ठेवलं होतं त्यांनी." आम्ही वेड्यासारखे हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत ताता झोत्वाना उभे होते. बाकीचे ड्रायव्हर उगाच गाड्यांच्या काचा पुसायला लागले. मादलोमोचा आनंद मात्र अजून उतरला नव्हता. तिनं त्यांच्यासाठी माझ्या गाडीची पुढची सीट उघडली. "बसा ताता, खिडकीपाशी बसा!"

"जिंकलीस म्हणे."

"जिंकले! आता सहा वर्षं झाली की मंडळ माझ्या पोराला विचारेल."

"आणि मला?"

"तुम्हालाही विचारतील, ताता."

"बरं होईल," ते म्हणाले. "त्यानं गुन्हा कबूल केला, म्हणून मला कोर्टात बोलावलंसुद्धा नाही. काय झालं ते अजून कुणीच विचारलं नाही मला. रोज या रांगेत उभा असतो. तूही नाही विचारलंस."

मादलोमोनं तोंडाकडे नेलेली शिट्टी हातातून निसटून छातीवर लोंबली. गाडी भरली होती. मागचे ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होते. मी गियर टाकला.

"चाक हलवलंस तर बघ!" ती माझ्यावर खेकसली. मग दाराला धरून, सुजलेल्या पायांवर, ती तातांकडे वाकली.

"आता विचारते, ताता. बोला."

ताता बोलायला लागले. त्यांचं बोलणं संपेपर्यंत त्या दिवशी स्टँडवरून एकही गाडी सुटली नाही.